टेसाच्या वेणीची साक्षीदार

आपल्या रेडमंडच्या मराठी मंडळातली निदान वीस मुलं माझ्या धाकानं वरणभात संपवत मोठी झाली आहेत. "जेव पटकन, नाहीतर शैलाकाकू येऊन घेऊन जाईल," असं त्यांच्या आया सांगायच्या. मला हे कळलं, कारण गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एका चिमुरड्यानं मला थेट विचारलं, "काकू, तुमच्या व्हॅनमध्ये किती किड्स मावतात?" त्याची आई इतकी ओशाळली की तिच्या हातातली कोशिंबीर सांडली. व्हॅन वगैरे काही नव्हती. माझी जुनी हॅचबॅक होती. मागे दोन कार सीट, डिकीत डायपर, ज्यूसचे डबे आणि एक मऊ ब्लँकेट. मुलं न्यायची वेळ यायची तेव्हा ती त्यातूनच जायची, हे मात्र खरं.

त्यामुळे या गावात मला मैत्रिणी फार झाल्या नाहीत. मी कुणाच्या घरात शिरले की बायका पोरांना ओरडायचं थांबायच्या, आवाज एकदम गोड व्हायचा. कुणी गमतीत म्हणायचं, "जपून हं, सरकार आलंय." मीही हसायचे. नवरा सुधीर सॉफ्टवेअरमधला. त्याच्याभोवती पुण्या-नागपूरच्या पोरांचा घोळका, आणि मी किचनमध्ये पापड तळत उभी. त्यात आमच्या कामाचा नियम असा, की केसबद्दल घरात एक अक्षर बोलायचं नाही. बावीस वर्षं तोंडाला कुलूप. सुधीर विचारायचा, "कसा होता दिवस?" मी म्हणायचे, "होता." तो बिचारा पुढे काही विचारायचा नाही.

आता रिटायर झाल्यावर मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "काकू, तुमच्या जॉबबद्दल लिहा ना, लोकांना इंटरेस्ट आहे." बावीस वर्षं नव्हता तो. तरी लिहिते, कारण एक गोष्ट सांगायची जबाबदारी माझ्यावर रीतसर टाकलेली आहे. ती कुणी आणि कशी टाकली ते पुढे येईलच. नावं बदलली आहेत, आणि ज्यांची ती गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांच्या जमातीचं नाव मात्र लिहायचं नाही असं ठरलंय. नदीकाठची माणसं, एवढं पुरे.

आधी काम काय असतं ते साध्या शब्दांत सांगते. शाळेतून, दवाखान्यातून, शेजाऱ्याकडून फोन येतो की अमक्या घरात मूल धोक्यात आहे. आम्ही जातो, बघतो. बहुतेक वेळा मूल घरीच राहतं आणि आम्ही आईबापांच्या मागे लागतो, डॉक्टर, व्यसनमुक्ती, राहायला धड जागा. कधी मूल उचलावं लागतं. मग ते फॉस्टर घरी जातं, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबात, आणि शेवटी जज ठरवतात की ते घरी परत जाणार की कायमचं दत्तक. इथल्या मूळच्या लोकांच्या, नेटिव्ह लोकांच्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे. त्यांचं मूल आधी नातेवाइकांकडे, नाहीतर जमातीत, असा क्रम ठरलेला आहे. आणि आईच्या हातात नुसतं पत्रक देऊन भागत नाही, हाताला धरून मदत करावी लागते. कारण त्यांच्या कित्येक पिढ्यांची मुलं उचलून बोर्डिंग शाळांत टाकली गेली, परक्यांना दिली गेली, आणि ती परत आली तेव्हा आजीशी बोलायला त्यांच्याकडे भाषा उरलेली नव्हती. त्यामुळे माझ्यासारखी बाई क्लिपबोर्ड घेऊन त्यांच्या अंगणात उतरली की तिथली कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. नुसती बघत राहायची.

रेडमंडहून उत्तरेला तासभर ड्राइव्ह केलं की आमचं ऑफिस. पहिल्याच वर्षी कोर्टातल्या क्लार्कनं मला उठवून कुटुंबाच्या बाकावर नेऊन बसवलं. सावळा रंग, कमरेपर्यंत वेणी, त्याला वाटलं मुलाची मावशी असणार. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं सरकून जागाही करून दिली. मी ओळखपत्र दाखवून समोर, सरकारच्या बाजूला जायला उठले, तेव्हा तो म्हणाला, "इकडे बरं होतं." पुढे अनेकदा मला त्याचं म्हणणं पटलं.

दुसऱ्या एका केसमधला बाप होता, तो दर भेटीला माझ्याकडून लाकडं फोडून घ्यायचा. मी दारात उभी राहिले की कुऱ्हाड हातात द्यायचा. "घर कसं चालतं ते बघायला आलीस ना? मग आधी शेगडी पेटू दे." बार्शीची मी, घरात गॅस आल्यानंतर जन्मलेली. पहिल्या दिवशी पायावर कुऱ्हाड पडता पडता वाचली. वर्षभरात हात तयार झाला, आणि त्याची दोन्ही मुलं घरीच राहिली. त्या केसचं मला अजून कौतुक वाटतं. माझं नव्हे, त्याचं.

आता टेसाची गोष्ट.

टेसाची केस माझ्याकडे आली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तिला आईपासून दूर ठेवून दहा महिने झाले होते. आई मरीना नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेली. एकदा पोरीला पार्किंग लॉटमध्ये गाडीत ठेवून ती दुकानात गेली आणि तिथेच झोपली. तेव्हा आजी, म्हणजे मरीनाची आई ॲग्नेस, खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. म्हणून पोर कॅरल नावाच्या बाईकडे गेली. कॅरल वाईट नव्हती हो. एकटी राहायची, पियानो शिकवायची, टेसासाठी खोली रंगवून घेतली होती तिनं. ॲग्नेस बरी होऊन घरी आली, पण माझ्या आधीच्या वर्करनं तिच्या घराची तपासणी लांबवत नेली, आणि मधल्या काळात कॅरलचा जीव पोरीवर जडला. तिनं दत्तकासाठी वकील केला. म्हणजे प्रश्न सरळ होता. टेसा आजीकडे नदीवर जाणार, की कायमची कॅरलची होणार. आणि जज जी कागदपत्रं वाचणार होते ती लिहिणारी मी.

घराची तपासणी करायला मी ॲग्नेसकडे गेले. आमचा तपासणीचा फॉर्म म्हणजे मोठा विनोद आहे. खिडकी किती इंच, बेड किती, धूर झाला की वाजणारं यंत्र आहे का. 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यापुढे ॲग्नेस म्हणाली, "आज की उद्या?" फ्रिजमध्ये फक्त मोहरीची बाटली आणि अर्धा कांदा होता. मी पेन टेकवलं तेवढ्यात ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि फ्रीझर उघडला. गळ्यापर्यंत भरलेला मासा. मग तिनं स्वयंपाकाच्या टेबलाशी बसवून मला विचारलं, "तू कुणाची?"

आपल्याकडे गावात लहान पोरांना विचारतात ना, तसंच अगदी. तू कुणाची गं? मी माझं नाव, हुद्दा आणि ऑफिसचा पत्ता सांगितला. ती म्हणाली, "हे मी कार्डावर वाचलं." त्यांच्याकडे माणूस उभा राहिला की आधी आईचं नाव सांगतो, आजीचं सांगतो, नदीचं सांगतो, मग स्वतःचं. मला हे माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये स्लाइड होती त्यावर. तरी त्या दिवशी माझ्या तोंडून आईचं नाव निघालं नाही. सरकारी कामाला आलेल्या बाईला आई कशाला लागते, असं काहीतरी डोक्यात असावं. ॲग्नेसनं जास्त ताणलं नाही. तिनं मासा वाढला. आमच्या घरात अंडंसुद्धा बाहेर शिजायचं, पण मी खाल्ला. ती म्हणाली, "काटे बघ. हा मासा एकटीनं खायचा नसतो. घशात अडकला तर पाठीवर थाप मारायला कुणीतरी लागतं." हे सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण मला ते आठवतं मराठीत.

तपासणी पास झाली. आता मरीना सुधारतेय आणि घर उभं राहतंय हे कोर्टाला दाखवायचं होतं. त्यासाठी जमातीच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी सगळे गोल करून बसायचे. जमातीच्या स्वतःच्या बालकल्याण ऑफिसात रे नावाचा जाड भिंगाचा चष्मा लावणारा माणूस होता, तो हे चालवायचा. एक गुळगुळीत दगड हातातून हातात फिरे, दगड ज्याच्याकडे तोच बोलणार. गोळ्या सोडलेल्या आया, म्हातारे, मामा, मावश्या. कुणी रडायचं, कुणी गप्प बसून दगड पुढे द्यायचं. शेवटी कामं वाटली जायची. मरीनाला डॉक्टरकडे कोण नेणार, पोर घरी आली की तिला शाळेतून कोण आणणार, रविवारी कोण थांबणार. आमच्या ऑफिसात 'सपोर्ट प्लॅन' म्हणून चार पानं छापतात. इथे एक मामा नुसता म्हणायचा, "सोमवार माझा." आणि सोमवारी तो यायचा. पहिल्यांदा मी तिथे वही काढली, तर रे म्हणाला, "पेन खाली ठेव. तुला लक्षात राहील तेवढंच खरं." मी दोनदा गेले आणि मग कामाच्या रगाड्यात जाणं सुटलं.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी दुपारी कॅरलचा फोन आला. टेसाच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, शाळेनं घरी पाठवलं होतं. केस जाड, लांब, फणी जात नव्हती. कॅरल रडकुंडीला आली होती. "मी केस बारीक कापून टाकू का? तू हो म्हणालीस तर आत्ताच कापते."

नियम स्पष्ट आहे. फॉस्टर घरात मुलाचे केस कापायचे तर आईची परवानगी लागते. मरीना व्यसनमुक्ती केंद्रात होती, तिला संध्याकाळी सहानंतर फोन घेता यायचा. मी घड्याळ बघितलं, पावणेदोन. माझ्या डोळ्यांपुढे आला बार्शीतला आमच्या अंगणातला न्हावी. दर मे महिन्यात उवा झाल्या की आई आम्हा तिघी बहिणींना त्याच्यासमोर ओळीनं बसवून डोकी चकोट करून घ्यायची. आत्या म्हणायची, आता दाट येतील बघा. जावळ तर काय, आपल्याकडे पेढे वाटून काढतात. केसांचं ते काय एवढं, असं माझ्या हाडीमाशी मुरलेलं. मी म्हणाले, "काप. केस काय, वाढतात." फोन चार मिनिटांचा होता. मरीनाला संध्याकाळी कळवायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी जमातीच्या हॉलमध्ये आजी-नातीची भेट होती. मी टेसाला कॅरलकडून आणलं. डोक्यावर बोटभर केस, त्यावर लाल टोपी. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. कॅरलनं सांगितलं होतं की दोन दिवस ती जेवत नाहीये, पोट बिघडलं असेल. मी मागे वळून विचारलं, "पोट दुखतं का गं?" तिनं मान हलवली, नाही.

हॉलमध्ये ॲग्नेसनं हात पसरले. टेसा गेली आणि टोपी काढून आजीसमोर उभी राहिली. ॲग्नेसचे हात तसेच राहिले. मग टेसा बोलली, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"ग्रॅमा, मॉम कधी मेली?"

त्यांच्यात केस कापतात ते घरातलं माणूस गेल्यावर. एरवी कात्री लावत नाहीत. सहा वर्षांच्या पोरीला हे पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी तिला खुर्चीत बसवून वेणी कापली, तेव्हा तिनं हिशोब केला की आई गेली, आणि ही माणसं मला सांगत नाहीयेत. आणि तिनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कुणीतरी हो म्हणालं असतं.

ॲग्नेस ओरडली नाही. तिनं रेला केंद्रात फोन लावून मरीनाला तातडीनं बोलावून घ्यायला सांगितलं आणि फोन पोरीच्या कानाला धरला. टेसानं आईचा आवाज ऐकला आणि ती जमिनीवर बसली, आणि तशीच बसून राहिली, फोन दोन्ही हातांनी धरून. मी पुढे झाले तर ॲग्नेसनं नुसता हात केला, थांब म्हणून. मग माझ्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे बघून तिनं विचारलं, "पोरीची वेणी कुठाय?"

केससुद्धा टाकायचे नसतात त्यांच्यात. मी कॅरलला फोन केला. तिनं कचऱ्यात टाकली होती, आणि शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. आपल्याकडे जावळ नदीत सोडतात, इकडेतिकडे टाकत नाहीत. हे मला माहीत नव्हतं का? आणि त्याहून वाईट आठवलं ते नंतर, गाडीत. आमच्या घरी पणजीचा एक फोटो होता, लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढलेला. नवरा गेल्यावर तिचे केस काढले होते, ती नको नको म्हणत असताना. म्हणजे केस आणि मरण यांची गाठ माझ्याच घरात भिंतीवर टांगलेली होती. फोनवर मला अंगणातला न्हावी आठवला. पणजी आठवली नाही.

सोमवारी मी रिपोर्ट लिहायला बसले. माझी सुपरवायझर चांगली बाई, माझ्याच भल्यासाठी म्हणाली, "उवांमुळे हेअरकट झाला, एवढंच लिही. बाकीचं कशाला?" मी लिहिलं की आईची परवानगी न घेता मी हो म्हटलं. मुलीला दोन दिवस आई मेली असं वाटत होतं, हेही लिहिलं. कॅरलच्या वकिलानं ते वाचलं, जजनी वाचलं, माझ्या फाइलवर ठपका बसला तो शेवटपर्यंत निघाला नाही. शौर्य वगैरे नव्हतं यात. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ॲग्नेसनं एकच मागितलं. कोर्टाच्या तारखेपर्यंतचे सहा बुधवार गोलात येऊन बस, फाइल न आणता. मी गेले. दगड माझ्याकडे यायचा आणि मी पुढे द्यायचे. चौथ्या बुधवारी ॲग्नेसच्या हातात दगड आला, तेव्हा ती बोलली. ती सात वर्षांची असताना तिला बोर्डिंग शाळेत नेलं होतं, पहिल्याच दिवशी केस कापले. तिलाही वाटलं आई गेली. "आई जिवंत आहे हे मला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "टेसाला दोन दिवसांत कळलं. म्हणजे आपण थोडे पुढे आलोय." कुणी हसलं, कुणी नाक पुसलं. मग तोवर केंद्रातून घरी आलेल्या मरीनानं दगड घेतला, ती म्हणाली, माझी आई एवढी गप्प का असायची ते मला आज कळलं. त्या दिवशी मला समजलं की हे लोक फक्त टेसाला घरी आणत नव्हते.

पुढच्या वेळी दगड मला देताना ॲग्नेसनं तो माझ्या हातात दाबून धरला. मी म्हणाले, "मी कमलची मुलगी. गंगूबाईची नात. आमच्या गावाला धड नदी नाही." बस, एवढंच बोलता आलं. परत येताना हायवेवर पाऊस इतका होता की मी गाडी बाजूला घेतली आणि एकटीच रडून घेतलं. घरी सुधीरनं विचारलं, "कसा होता दिवस?" मी म्हणाले, "होता."

जजनी टेसाला आजीकडे पाठवलं. जानेवारीत हॉलमध्ये तिच्या घरी येण्याचं जेवण झालं, दोनशे माणसं. त्यांच्यात एक रीत आहे. महत्त्वाचं काही घडलं की चार माणसांना नाव घेऊन साक्षीदार म्हणून उभं करतात. दंडाला रुमाल बांधतात आणि सांगतात, आज बघितलं ते लक्षात ठेव, पुढे कधीही कुणी विचारलं तर सांग, वाढवू नकोस, गाळू नकोस. तिसरं नाव माझं आलं. मी रेकडे बघितलं, काहीतरी चुकलंय म्हणून. ॲग्नेस खुर्चीतून म्हणाली, "पोर कुठून इथवर आली हे हिच्याइतकं कुणाला माहीत आहे?" रेनं माझ्या दंडाला निळा रुमाल बांधला. बावीस वर्षांत मला मिळालेली हीच एक बढती.

केस बंद झाल्यावर कामाच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं मी तिकडे गेले नाही. मग ॲग्नेसनं निरोप धाडला, मासा धुरावर सुकवायला माणसं कमी आहेत, ये. तेव्हापासून दर ऑगस्टला मी एक दिवस जायचे. टेसा मला 'शैला आंटी' म्हणायची, त्यांच्या भाषेतले शब्द शिकवायची आणि माझे उच्चार ऐकून लोळून हसायची. आमची मुलगी गार्गी, आता दूर श्रूजबरीत असते, एकदा म्हणाली, "मॉम, यू फाइट फॉर देअर लँग्वेज. माझ्याशी कधी मराठीत बोललीस?" खरं होतं. थकून घरी यायचे, पोर इंग्रजीत बोलायची, मीही इंग्रजीत उरकायचे. म्हणजे बघा, मला आपलं म्हणणारं, या देशात, एकच घर उरलं होतं. आणि त्या घरातल्या पोरीला मी कधी सांगितलं नव्हतं की त्या दिवशी हो म्हणणारी मीच. 'तुझे केस कापले गेले,' असंच म्हणायचे मी. ॲग्नेसनंही सांगितलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत सुधीर गेला. मंडळातल्या बायका तेरा दिवस डबे घेऊन आल्या, अगदी मनापासून, आणि चौदाव्या दिवशी थांबल्या, तेही बरोबरच. गार्गी दोन आठवडे राहून गेली. मग घर इतकं शांत झालं की मी फ्रिज सुरू झाल्याच्या आवाजानं दचकायचे. "कसा होता दिवस" विचारणारा गेला, आणि आता रिटायर झाल्यावर मला सांगायची मुभा होती.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी दारात ॲग्नेस, काठी घेऊन, आणि तिला घेऊन आलेली टेसा. पंधरा वर्षांची. नुकतं लर्नर परमिट मिळालेलं, आजीला शेजारी बसवून हायवेवर गाडी हाणलेली. पाठीवर वेणी, माझ्याहून लांब. हातात माशाचा कूलर. बूट दाराशी काढून ती सोफ्यावर बसली. चहा झाला. मग ती म्हणाली, "ग्रॅमा म्हणते तू साक्षीदार आहेस. माझ्या केसांचं मला थोडंच आठवतं. मला विचारायचंय."

ॲग्नेस खिडकीतून बाहेर बघत होती. मला कळलं की ती नऊ वर्षं या प्रश्नाची वाट बघत थांबली होती. मी मनात म्हटलं, आज हेही घर जाणार. आणि सांगितलं. कॅरलचा फोन, पावणेदोन, उवा. "मी हो म्हणाले. तुझ्या आईला विचारायचं होतं, विचारलं नाही. केस वाढतात असं म्हणाले मी."

टेसानं वेणी पुढे घेतली, तिचं टोक हातात धरलं. "किती दिवस होते ते?"

"गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ."

"त्या दिवसांत तू काय केलंस?"

साक्षीदारानं गाळायचं नसतं. "शुक्रवारी आमची कोजागिरी होती," मी म्हणाले. "मसाला दूध प्यायले. घरी येऊन शांत झोपले."

ती उठली, बूट घातले आणि गाडीत जाऊन बसली. ॲग्नेसला बूट घालायला वेळ लागतो. मी खाली बसून तिच्या नाड्या बांधल्या. ती म्हणाली, "तुझं काम झालं. तिला तिचा वेळ लागेल. मला खूप लागला होता." मी तिला हात धरून गाडीपर्यंत सोडलं. टेसानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत येऊन खिडकीशी उभी राहिले. गाडी सुरू होईना. पाच मिनिटं झाली असतील. मग टेसा उतरली, अंगणातून परत आली. मला वाटलं कूलर विसरलाय. मी तो उचलून दाराशी आणला, तर तिनं तो परत आत सरकवला.

"त्यात काटे आहेत," ती म्हणाली. "एकटी खाऊ नकोस." आणि गेली.

आता दिवाळी आली. मासा फ्रीझरमध्ये तसाच आहे, मी एकटीनं त्याला हात लावलेला नाही.